आखाजीची कोरडी घागर

१

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी सकाळी दार वाजलं तेव्हा कुंदाबाईंना वाटलं, चोपड्याला दिलेली लेक आली. दारात उभा होता भिकन, पालिकेचा व्हॉल्व्हमन. पाय चिखलाने माखलेले आणि तोंड उतरलेलं. उन्हाळ्यात हिवरवाड्यात चिखल दिसला की माणसाला आनंद व्हावा, पण कुंदाबाईंनी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"ताई, टाकी रिकामी शे," भिकन म्हणाला. "बठ्ठी."

चाळीसगावहून पाचोऱ्याकडे जाताना लागणारं हिवरवाडे हे नगरपालिकेचं गाव. बायकांसाठी राखीव जागा आल्या त्या पहिल्याच निवडणुकीत कुंदाबाई बिऱ्हाडे भीमनगरातून निवडून आल्या. त्याआधी सगळं आयुष्य बालवाडीत मुलांची नाकं पुसण्यात गेलेलं. सभापतिपदं वाटताना पाणीपुरवठा समिती कोणालाच नको होती, कारण उन्हाळ्यात त्या खुर्चीवर फक्त शिव्या मिळतात. म्हणून मोठ्या मनाने ती बाईंना देण्यात आली. बाईंनी ती मनावर घेतली, ही मात्र कोणाची अपेक्षा नव्हती.

आखाजीसाठी त्यांनी दोन दिवस पाणी अडवून टेकडीवरची टाकी काठोकाठ भरून घेतली होती. आज सकाळी सगळ्या गावाला एकदम पाणी सोडायचं होतं. घरोघरी नव्या मातीच्या घागरी आणून ठेवलेल्या. पितरांच्या नावाने ती घागर ताज्या पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं, मग नैवेद्य. आणि त्याच पाण्याबरोबर भीमनगरच्या नव्या लाइनला पहिल्यांदा पाणी येणार होतं. भीमनगरातल्या घरांत घागर भरण्याची रीत राहिली नव्हती, पण लेकी माहेरी येतच होत्या, आणि सगळ्या लेकींना निरोप गेला होता की यंदा नळ आहे.

कुंदाबाई तशाच निघाल्या. टेकडीवर आठ दिवसांपूर्वीच्या उद्घाटनाच्या मांडवाचे खड्डे अजून बुजले नव्हते. त्यातल्या एकात पाय मुरगळता मुरगळता वाचला. टाकीच्या पायथ्याशी सिमेंटचा स्वच्छ ओटा, त्यात चौकोनी चेंबर, बाजूला सरकवलेलं लोखंडी झाकण. झाकणावर वाळलेल्या कुंकवाचे पट्टे होते, कडेला करवंटीचा तुकडा आणि त्याला मुंग्या. पालिकेत कुदळ मारायच्या आधीही कुंकू लावतात. कुंदाबाईंच्या डोळ्यांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. चेंबरात व्हॉल्व्हच्या दांड्यावर हातभर लांबीची चावी तशीच अडकलेली होती.

"हा वॉशआऊट," भिकन म्हणाला. "टाकी धुवायची तेव्हाच उघडतो. पाणी जमिनीखालच्या पाइपातून लांब नाल्यात जातं. कोणीतरी पूर्ण उघडून ठेवला. मी आत्ता बंद केला, पण बंद करून काय उपयोग?"

"चावी?"

"पंपघराच्या भिंतीला खुंटीवर असते. सगळ्यांना माहीत आहे. मी अंधार पडायच्या सुमाराला घरी गेलो. ताई, मी चावी अशी दांड्यावर कधी ठेवत नाही. लेकराच्या शपथेने सांगतो."

कुंदाबाईंनी पंप चालू करायला सांगितला. खाली गावात चाहूल लागली होती. कुठल्यातरी नळाचा कोरडा फुस्कारा ऐकून पहिली बाई घराबाहेर आली असणार, कारण आवाज एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकत चालला होता.

२

पालिकेच्या अंगणात रिकाम्या घागरींची रांग लागली. बायका ओरडत नव्हत्या, हे जास्त वाईट होतं. सणाच्या दिवशी पितर दारात येऊन तहानलेले परत जाणार, हे ज्यांना खरं वाटतं त्यांना ओरडायचीही भीती वाटते.

नगराध्यक्ष भाईदास शेठ आपल्या खोलीत रुमालाने मान पुसत होते.

"ताई, मी तुम्हाला दोष देत नाही," ते म्हणाले. असं म्हणणारा माणूस पुढे काय देणार आहे, हे कुंदाबाईंना आता ओळखू येत होतं. "पण माणूस तुमच्या वस्तीतला. चावी त्याच्या ताब्यातली. पाणी गेलं कुठे, तर तुमच्या वस्तीमागच्या नाल्यात. सकाळी तुमच्या बायका तिथे धुणी धूत होत्या म्हणतात. लोक काय बोलतायत ठाऊक आहे? की यांना सणाचं वावडं, म्हणून मुद्दाम केलं."

सकाळी नाला वाहताना पाहून बायका धावल्या होत्या, हे खरं होतं. वाहतं पाणी पाहून कोण धावणार नाही?

"चार वाजता खास सभा," शेठ म्हणाले. "भिकनला कामावरून काढायचा ठराव. आणि समितीच्या सभापती म्हणून तो तुम्ही मांडायचा. म्हणजे गाव शांत होईल, आणि तुमच्यावरही बोट राहणार नाही."

खोलीत समितीतले सगळ्यात जुने सभासद चुडामण आबा बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, कानामागे हात. आबांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे सभेत ते बहुतेक ठरावांना हसून मान डोलवत. आज मात्र त्यांचा चेहरा पडलेला होता.

"माझ्या द्रौपदेची ही पहिली आखाजी," ते म्हणाले. त्यांची बायको माघात गेली होती. "घागर कोरडी पडली हो कुंदाताई. ज्याने ही टाकी रिकामी केली ना, त्याच्या पितरांना सात जन्म पाणी मिळू नये."

त्यांचा आवाज कापत होता. कुंदाबाईंना वाटलं, असं तळमळून बोलणारा या खोलीत हा एकटाच आहे.

"चारपर्यंत वेळ आहे ना?" त्यांनी शेठना विचारलं.

"कशाला?"

"ठराव मांडायच्या आधी मला कळायला नको, की कोणी केलं ते?"

शेठ हसले. बालवाडीच्या बाईकडे पाहून माणसं हसतात तसं.

३

बालवाडीत कुंदाबाई एक गोष्ट शिकल्या होत्या. पाटी फुटली की "कोणी फोडली?" असं विचारायचं नाही. सगळी मुलं एकमेकांकडे बोट दाखवतात. "तू काय करत होतास?" असं विचारायचं. मूल सांगतं, मी तिच्यावर उभं राहून खिडकीतून पाहत होतो. फोडायची कोणालाच नसते.

पण ही पाटी नव्हती, गावाचं पाणी होतं. आणि आदल्या संध्याकाळी टाकी भरलेली पाहायला टेकडीवर आलेली माणसं मोजकीच होती: त्या स्वतः, ओव्हरसियर पंडित साहेब, चुडामण आबा, आणि बिलाच्या तगाद्याला आलेला टँकरवाला मगन.

गावाने मनात मगनचं नाव आधीच घेतलं होतं. नळ कोरडे तर टँकरला भाव. कुंदाबाई त्याच्या दाराशी गेल्या तेव्हा मगन लिंबाखाली पत्ते कुटत होता. आखाजीला पत्त्यांना कोणी नावं ठेवत नाही.

"बसा ताई. मला माहीत होतं तुम्ही येणार," तो म्हणाला. "पण अंगणात बघा. टँकर दिसतो का एक तरी? दोन्ही पाचोऱ्याला लग्नात गेलेत, परवा येतील. टाकी रिकामी करून मी काय लोटीने पाणी विकू?"

हे खरं होतं. सकाळपासून शेठच त्याला शिव्या घालत होते, की ऐनवेळी याच्याकडे टँकर नाही.

"आणि एक सांगू?" मगनने पत्ते पालथे ठेवले. "मी त्या टाकीवर वर्षानुवर्षं गाड्या भरतो. तो वॉशआऊट उघडला की पाइपात आगगाडी शिरल्यासारखा आवाज होतो. चुकून उघडला असेल म्हणाल, तर चुकणारा दचकून लगेच बंद करेल. ज्याने उघडला त्याने तो आवाज ऐकत ऐकत उघडला. पक्का दुष्ट माणूस."

आसपासच्या लिंबांना झोके बांधले होते. माहेरवाशिणी त्यांवर बसल्या होत्या, पण गाणं कोणाच्या तोंडी नव्हतं.

पंडित साहेब पालिकेच्या पडवीत भेटले. त्यांच्या कपाळावरचा घाम नुसता उन्हाचा नव्हता.

"साहेब, काल चावी शेवटी कोणी हाताळली?"

"मला काय माहीत? भिकनचं काम ते."

"नव्या लाइनचं काम पूर्ण झालंय ना? आज पाणी सुटलं असतं ना भीमनगरात?"

प्रश्न साधा होता. पण साहेब एकदम चिडले. "म्हणजे काय? उद्घाटन झालं ना! तुम्ही होता की तिथे! आता प्रत्येक गोष्ट मलाच विचारणार का?" आणि कुंदाबाईंच्या नजरेला नजर न देता ते आत निघून गेले.

हा माणूस काहीतरी लपवतोय, एवढं नक्की. पण काय? पाणी द्यायचं नसतं तर त्यांना टाकी कशाला रिकामी करावी लागली असती? पंप बिघडला म्हटलं असतं की काम झालं असतं. कुंदाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दुपार कलायला लागली होती.

४

चुडामण आबांचं घर गल्लीच्या अगदी टोकाला, चढावर. नळाची लाइन तिथे संपते. उन्हाळ्यात त्या टोकाला पाणी पोचत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी पहाटेच विहीर गाठून गढूळ का होईना पाणी आणलं होतं, घागरी भरल्या होत्या, वर खरबुजं चढली होती.

आबांच्या अंगणात मात्र नळाखाली कोरी घागर ठेवलेली होती, गळ्यात दोरा, पोटावर चंदनाची बोटं. आत थेंब नाही. खरबूज बाजूला ताटात.

आबांची लेक ताईबाई सासरहून आली होती. तिने पुढे पाट टाकला आणि डोळे पुसले.

"आबानी काल सांजलेच घागर नळखाले ठेवी दिधी," ती हळूच म्हणाली. "मी म्हनं, आपला नळले उन्हायामा कधी पानी उनं शे का? मी इहिरवरथीन आनस. त म्हनतस, नही, यंदा यीच."

"यंदा येईलच, असं म्हणाले?"

"हाऊ ना. लहान पोरना मायक हट्ट. मंग रातले घर उनात, त हात बठ्ठा गंजना लाल. म्हनं काय करत व्हतात, त काही बोलनात नही."

आबा आतून आले. कुंदाबाईंनी मोठ्या आवाजात विचारपूस केली. आबा नळाकडे पाहत राहिले.

"हा नळ मी तिच्यासाठी घेतला," ते म्हणाले. "समितीत होतो ना. तिला म्हटलं, आता विहिरीवर जायचं नाही. आणि नळाला पाणीच नाही! ती हसायची. म्हणायची, तुमचा नळ कावळ्याला बसायला बरा आहे. जन्मभर डोक्यावरून पाणी वाहिलं तिने. म्हटलं, एक घागर तरी तिच्या नावाने या नळाची भरावी."

द्रौपदाअक्का कुंदाबाईंना आठवत होत्या. या गल्लीतल्या विहिरीला भीमनगरच्या माणसांनी हात लावायचा नाही, असे दिवस त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्यांची आई घडा घेऊन कडेला उभी राहायची, कोणी वरून ओतेल म्हणून. बाकीच्या बायका पाहिलं न पाहिल्यासारखं करत. द्रौपदाअक्का मात्र ओतताना हात आखडत नसत.

बाहेर पडताना त्यांनी पुन्हा घागरीकडे पाहिलं. काहीतरी खुपत होतं आणि ते काय, हे सापडत नव्हतं. गाव सकाळपासून विचारत होतं, टाकी रिकामी झाल्याने कोणाचं भलं झालं? आणि इथे या एका अंगणात एक माणूस ठामपणे म्हणत होता की यंदा पाणी येईलच. जिथे कधी येत नाही तिथे.

पण मग त्याच माणसाचा तो शाप? तो खोटा नव्हता. कुंदाबाईंनी आयुष्यभर खोटं रडणारी मुलं पाहिली होती. ते रडणं खरं होतं.

५

भीमनगरात नव्या नळाचा कट्टा कोरडा होता. त्याला कोणीतरी निळ्या कागदाची पताका लावली होती. कट्ट्यावर भिकनची बायको कमलबाई बसली होती आणि तिच्यासोबत काल आलेली तिची लेक.

"अक्का, त्यासनी नोकरी गयी त आम्ही काय खावानं?" कमलबाई म्हणाली. "त्या घरमाच व्हतात. लेक उनी ना, तिनासंगे बोलत बसनात. पन घरना मानूसनी साक्ष कोन धरस?"

कुंदाबाई तिच्याशेजारी बसल्या. त्यांच्या पिशवीत ठरावाचा कागद होता, त्यावर त्यांचंच नाव.

"आनी काल दिवसभर किती खूश व्हतात!" कमलबाई बोलतच होती. "आपला नळले पानी सोडनं शे म्हनीसन दुपारभर बाभूळखाले बसेल व्हतात. नवा व्हॉल्व्हवरना काटा काढात, गाळ काढा, तेल टाकं."

"बाभळीखाली?" कुंदाबाई म्हणाल्या. "कोणती बाभूळ?"

"टाकीमांगे, उतारले. चिखल शे ना, तठे."

"नवा व्हॉल्व्ह तिथे नाही, कमल. तो टाकीच्या पायथ्याशी, ओट्यावर आहे. तिथेच तर मांडव होता. तिथेच नारळ..."

कमलबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं कोणी सूर्य कुठे उगवतो ते चुकीचं सांगावं.

"तो? तो त टाकी धोवाना शे, अक्का."

कुंदाबाई उभ्या राहिल्या. मांडवाचे खड्डे, झाकणावरचं कुंकू, करवंटीला लागलेल्या मुंग्या. सकाळपासून डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. आणि ओव्हरसियरच्या कपाळावरचा घाम, तोही आता कळला.

"कमल, भिकनला म्हणावं टाकीवर ये," त्या म्हणाल्या. "आणि मी सभा तिथेच बोलावते."

६

खास सभा टेकडीवर घ्यायची, म्हणजे बाईंचं डोकं फिरलं, असं शेठ वाटेत दोनदा बोलले. पण मागून घागरीवाल्या बायकाही निघाल्या होत्या, म्हणून ते चालत राहिले. पंडित साहेब सगळ्यांत मागे होते. पंप चालू होता, टाकीत थोडं थोडं पाणी पडत होतं.

"ठराव मी मांडते," कुंदाबाई म्हणाल्या. चुकलं असेल तर भिकनची भाकरी जाईल, आणि पुन्हा कोणी बाईला या गावात काही विचारणार नाही. "त्याआधी एकच विनंती. आबा, आठ दिवसांपूर्वी नव्या लाइनचं उद्घाटन झालं. मी बौद्ध, मी नारळ फोडत नाही, म्हणून तुम्ही फोडला. भीमनगरच्या लाइनचा व्हॉल्व्ह कुठला, तेवढा दाखवा."

त्यांनी मोठ्याने सांगितलं. आबांनी कानामागे हात धरून ऐकलं, क्षणभर थबकले, मग ओट्याकडे गेले आणि कुंकवाच्या झाकणावर काठी टेकवली.

"हा."

"पंडित साहेब, बरोबर आहे?"

पंडित साहेबांनी शेठकडे पाहिलं, शेठनी टाकीकडे पाहिलं. शेवटी साहेबांच्या तोंडून निघालं, "नाही. तो वॉशआऊट. नवा व्हॉल्व्ह मागे, बाभळीखाली. तिथे चिखल होता, मांडव घालता येईना, पाहुण्यांचे बूट... शेठ म्हणाले, ओटा स्वच्छ आहे, नारळ इथेच फोडा. कोणाला काय कळणार?"

"मलाही नाही कळलं," कुंदाबाई म्हणाल्या. "मीही त्याच मांडवात उभी होते. भिकनला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं, मगन इथे रोज गाड्या भरतो, त्यालाही. यांच्यातल्या कोणालाही भीमनगरचं पाणी तोडायचं असतं, तर तो बाभळीखाली गेला असता. आणि टाकी रिकामी करायची असती, तर चावी दांड्यावर सोडून गेला नसता, पुन्हा खुंटीवर लावली असती. इथे तो आला, ज्याच्या लेखी जिथे नारळ फुटला तोच भीमनगरचा व्हॉल्व्ह होता."

कुंदाबाई बायकांकडे वळल्या.

"सकाळपासून आपण शोधतोय, पाणी घालवायचं कोणाला होतं. कोणालाच नव्हतं. त्याला पाणी जास्त हवं होतं. नव्या लाइनला पाणी गेलं की टोकाच्या घरी दाब राहणार नाही, हे समितीत दहादा बोललं गेलं. म्हणून त्याने एक दिवसापुरती भीमनगरची लाइन बंद करायची ठरवली. गंजलेला दांडा एका बाजूला फिरेना, कारण वॉशआऊट आधीच घट्ट बंद होता. दुसऱ्या बाजूला फिरला. अडेपर्यंत फिरवला आणि वाटलं, झाला बंद. पाइपात एवढा आवाज झाला, पण त्याला तो ऐकूच आला नाही. चावी तिथेच ठेवली, भिकनला उद्या उघडायला सोपं जावं म्हणून. आणि घरी जाऊन, नळाखाली आधीच घागर ठेवलेली होती तिथे, वाट पाहत बसला."

आबांनी कानामागचा हात काढला नव्हता. त्यांना सगळं ऐकू आलं होतं की नाही कळत नव्हतं. मग त्यांची नजर काठीच्या टोकाशी गेली. ते झाकण, ते कुंकू, आणि खाली लांबवर अजून ओला असलेला नाला. ते आळीपाळीने तिन्हीकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा बदलताना पाहणं कुंदाबाईंना सोसवेना.

"म्हणजे टाकी..." ते म्हणाले, "मी?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. सकाळी दिलेला तो शाप त्यांनी मनापासून दिला होता. तो त्या खोलीत असलेल्या सगळ्यांना एकदम आठवला. आबा मांडवाच्या खड्ड्याशेजारी मातीत बसले.

"मी फक्त एक दिवस बंद करत होतो," ते म्हणाले. "एकच दिवस. म्हटलं, इतकी वर्षं त्यांना नळ नव्हताच. अजून एक दिवस नाही आला, तर काय बिघडतं."

कुंदाबाईंना सकाळपासून त्यांची दया येत होती. ती आताही आली, पण तिच्यासोबत राग आला, आणि तो त्यांनी गिळला नाही.

"माझ्या आईला पण हेच सांगत होते, आबा," त्या म्हणाल्या. "तुमच्या गल्लीच्या विहिरीवर. थांब जरा, काय बिघडतं."

मग त्या शेठकडे वळल्या. "भिकनवरचा ठराव रद्द. हे तुम्ही आत्ता म्हणा, इथे, या बायकांसमोर."

शेठ म्हणाले. थोडं पुटपुटत, पण म्हणाले. भिकन चेंबरच्या कडेला उभा राहून रडत होता आणि चिखलाच्या हाताने तोंड पुसत होता, त्यामुळे तोंड जास्तच चिखलाचं झालं.

७

उन्हं उतरली तेव्हा टाकीत एखाद्या लाइनला पुरेल एवढं पाणी साठलं. भिकनने विचारलं, "ताई, आधी कुठली?"

सगळ्या घागरी कुंदाबाईंकडे पाहत होत्या. एवढं पाणी सगळ्या गावाला पुरणार नव्हतं. चढाच्या गल्ल्यांना एवढ्या पाण्यात दाबच मिळणार नव्हता. सगळ्यात खाली होतं भीमनगर.

"बाभळीखालचा उघड," त्या म्हणाल्या. "आणि ज्यांना घागर भरायची त्यांनी तिकडे या. नळ पालिकेचा आहे."

काही बायका तोंड फिरवून घरी गेल्या. काही आल्या, आधी लांब उभ्या राहिल्या, मग रांगेत. नव्या नळाने दोनदा खाकरून लाल पाणी टाकलं, मग स्वच्छ. कमलबाईची लेक पहिली ओंजळ घेऊन ओरडली आणि लिंबाच्या झोक्यावरून कोणीतरी दिवसातलं पहिलं गाणं धरलं.

दिवेलागणीच्या सुमाराला रांगेतल्या माना एकदम वळल्या. चुडामण आबा येत होते. हातात ती कोरी घागर, गळ्यात दोरा. बरोबर ताईबाईसुद्धा नव्हती. ते कट्ट्यापर्यंत आले आणि कडेला उभे राहिले, नळाला हात न लावता, घागर पुढे धरून. कुंदाबाईंनी अशी उभी राहिलेली बाई पूर्वी पाहिली होती.

त्यांनी कमलबाईला सांगितलं असतं, तर कमलबाईने घागर पुढे घेतली असती. त्यांनी सांगितलं नाही.

"आबा," कमलबाईने मागे बोट दाखवत मोठ्याने सांगितलं, "रांग तथाइन शे."

आबांनी मान डोलावली आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. पुढचे हंड्यांमागून हंडे भरत गेले. धार बारीक होऊ लागली. कुंदाबाई नळाकडे पाहत होत्या, आणि आपण मनात कोणाची बाजू घेतोय हे त्यांना कळत नव्हतं. पुरू दे, एवढंच पुन्हा पुन्हा येत होतं.

आबांची पाळी आली तेव्हा धार दोऱ्याएवढी उरली होती. त्यांनी घागर खाली ठेवली. कोऱ्या मातीला पाणी लागलं आणि तिचा वास आला. आतला आवाज हळूहळू बदलत होता, जड होत होता. तो सगळ्यांना ऐकू येत होता, फक्त आबांना नाही. ते कुंदाबाईंकडे वळले.

"भरनी का?"

"नही, आबा," कुंदाबाई म्हणाल्या. "थांबा."

आबा थांबले.